पैरवी कोण करणार?

लखनौच्या हजरतगंज चौकात, जनरल पोस्ट ऑफिसच्या जुन्या इमारतीलगत, गांधीजींचा पुतळा आहे. धरणे-आंदोलनांसाठी प्रशासनाने शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा नेमून दिली असली, तरी ज्याला सरकारपुढे काही मांडायचे असते त्याची पावले आजही या पुतळ्याकडेच वळतात. शिक्षक येतात, अंगणवाडी सेविका येतात, भरती रखडलेले तरुण येतात. त्यांच्यापाशी संघटना असते, फलक असतात, मागण्यांचे निवेदन असते. यांच्यात अधूनमधून एक वेगळाच गट दिसतो. पाच-सात माणसे, त्यांत एक-दोन वृद्ध, आणि हातात एखाद्या तरुणाचे वा तरुणीचे मोठे करून घेतलेले छायाचित्र. त्यांच्या कागदावर बहुधा एकच शब्द असतो, 'न्याय'. ही खून झालेल्या माणसाच्या घरातील मंडळी असतात.

या जागेपासून विधानभवन आणि हजरतगंज कोतवाली चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. राज्ययंत्रणेचे इतके दरवाजे इतक्या जवळ असताना ही माणसे पुतळ्यापाशी का बसतात? माझ्या मते याचे उत्तर सोपे आहे. यांतील कोणताही दरवाजा त्यांचा नाही. विधानभवनासमोर आत्मदहनाचे प्रयत्न इतक्यांदा झाले, की पोलिसांना तेथे ब्लँकेट व आग विझविण्याची साधने घेऊन पथके ठेवावी लागली. अशा प्रयत्नांमागे कारणे अनेक असतात, पण ज्याचे म्हणणे ऐकण्यासाठी कोणी नेमलेलाच नाही अशा माणसाची हतबलता त्यांत हमखास असते.

उत्तर प्रदेशात आल्यावर मी एक शब्द नव्याने शिकलो, 'पैरवी'. एखाद्या घरात खून झाला की शेजारीपाजारी विचारतात, "पैरवी कौन कर रहा है?" मराठीत आपण याला पाठपुरावा म्हणू, पण पैरवीत त्याहून अधिक काही आहे. वकिलाला भेटणे, ठाण्यात जाऊन तपासाची चौकशी करणे, साक्षीदारांना तारखेची आठवण देणे, सरकारी वकिलापर्यंत कागद पोचविणे, आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीवर लक्ष ठेवणे, हे सारे त्यात येते. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे यांतील बहुतेक कामे राज्याची आहेत, कारण खुनाचा खटला 'राज्य विरुद्ध आरोपी' असा असतो. परंतु लोकांना अनुभवाने माहीत असते, की घरातील कोणी पैरवी केली नाही तर खटला थंडावतो. म्हणूनच हा प्रश्न विचारला जातो. या लेखात मला तोच प्रश्न प्रशासनाला आणि आपल्या समाजाला विचारायचा आहे. (हे विचार अर्थातच वैयक्तिक आहेत, माझ्या कार्यालयाचे नाहीत.)

प्रथम प्रश्नाचे आकारमान पाहू. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे दिवसाला सरासरी ७८. यांत उत्तर प्रदेशचे ३,४९१ आणि महाराष्ट्राचे २,२९५ होते. महाराष्ट्राबाहेर राहणारे आपण मराठी लोक गप्पांच्या ओघात उत्तर प्रदेशच्या गुंडगिरीबद्दल सहज बोलतो. पण या आकड्यांना लोकसंख्येने भागले तर लाख लोकांमागे खुनाचे प्रमाण उत्तर प्रदेशात सुमारे १.५ आणि महाराष्ट्रात सुमारे १.८ येते. तेव्हा हा 'त्यांचा' प्रश्न आहे असे मानण्याचे कारण नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. याच अहवालात खुनाचे सर्वांत मोठे कारण म्हणून ९,९६२ गुन्ह्यांत 'वाद' अशी नोंद आहे. टोळीयुद्ध किंवा सुपारी यांपेक्षा जमीन, पैसा, घर, पाण्याचा नळ यांवरून झालेली भांडणे माणसांचा अधिक जीव घेतात. म्हणजे मरणारा बहुधा तुमच्याआमच्यासारखाच असतो, आणि मारणारा बहुधा ओळखीतला असतो.

अशा घरावर नेमके काय कोसळते? दुःख तर असतेच, त्याविषयी मी लिहिणार नाही. मी प्रशासक आहे, तेव्हा कागदांविषयी लिहितो. मृतदेह शवविच्छेदनासाठी जातो आणि तो कधी मिळेल हे कोणी नीट सांगत नाही. घरातच घटना घडली असेल तर खोली सील होते. मृताचा मोबाईल, कपडे, कधी दुचाकीसुद्धा मुद्देमाल म्हणून जमा होते, आणि त्या मोबाईलमध्येच बँकेचे व विम्याचे सारे तपशील असतात. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, बँकेचे खाते, मुलांच्या शाळेची फी हे सर्व पहिल्या महिन्यातच पुढे उभे राहते, आणि त्याच महिन्यात पोलीस जबाबासाठी बोलावत असतात. मग आरोपपत्र, मग तारखा. आमच्या कार्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या धाकट्या भावाचा खून पूर्वेकडील एका जिल्ह्यात झाला. पुढची कित्येक वर्षे त्याच्या रजेच्या अर्जावर कारण एकच असे, 'न्यायालयीन तारीख'. केंद्रीय कर्मचाऱ्याला वर्षाला नैमित्तिक रजा आठ. त्या मार्चपूर्वीच संपत, पुढे अर्जित रजा जाई, आणि बऱ्याचदा तो परत येऊन सांगे की सुनावणी झालीच नाही, पुढची तारीख पडली. हा माणूस निदान पगारी नोकरीत होता. रोजंदारीवर जगणाऱ्याने काय करावे?

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक तुलना सुचते, आणि ती मला फार दिवस छळते आहे. समजा चौतीस वर्षांचा एक माणूस छोटे दुकान चालवून महिना २०,००० रुपये मिळवतो. घरी पत्नी, दोन मुले आणि आई. त्याला ट्रकने उडविले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हिशेब मांडते. वर्षाचे उत्पन्न २,४०,०००. वाढते वय आणि वाढते उत्पन्न गृहीत धरून त्यात ४० टक्के वाढ, म्हणजे ३,३६,०००. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, उरले २,५२,०००. त्याच्या वयाला गुणक सोळा. एकूण ४०,३२,००० रुपये, आणि वर अंत्यविधी इत्यादींची थोडी रक्कम. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निर्णयांनी ही रीत देशभर सारखी करून दिली आहे. रक्कम मिळायला वेळ लागतो, वादही होतात, पण हक्क आहे, सूत्र आहे आणि त्यासाठी वेगळे न्यायाधिकरणही आहे.

आता समजा त्याच माणसाला त्याच रस्त्यावर कोणी चाकूने भोसकले. घरी तीच पत्नी, तीच दोन मुले, तीच आई, आणि उत्पन्नही तितकेच गेले. पण आता सूत्र नाही, गुणक नाही, न्यायाधिकरण नाही. आहे ती राज्याची नुकसानभरपाई योजना. तिची रक्कम बहुधा काही लाखांत असते आणि तीही मागितल्याखेरीज क्वचितच मिळते.

या विसंगतीचे टोक २००० सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात दिसते. नागालँडमधील दिमापूर येथे एका रिक्षाचालकाला प्रवाशांनीच रिक्षा चोरण्यासाठी ठार मारले. त्याच्या पत्नीला भरपाई मिळावी म्हणून न्यायालयाला ठरवावे लागले, की रिक्षा चोरताना झालेला हा खून मोटार वाहन कायद्याच्या अर्थाने 'अपघात' होता. निकाल न्याय्य होता यात शंका नाही. पण आपल्या व्यवस्थेविषयी तो काय सांगतो पहा. खून झालेल्या माणसाच्या पत्नीला आधार मिळण्यासाठी त्याच्या खुनाला अपघात म्हणावे लागले.

कोणी म्हणेल, ट्रकचा पैसा विमा कंपनी देते, खुन्याचा विमा कोठे असतो? आक्षेप रास्त आहे. १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा तर स्पष्ट सांगतो, की मृत्यू गुन्ह्यातून झाला असला तरी कुटुंब दोषी व्यक्तीवर भरपाईचा दावा करू शकते. पण ज्याच्यावर दावा करायचा तो तुरुंगात आणि बहुधा कफल्लक, म्हणून तो कायदा खुनाच्या बाबतीत कागदावरच राहतो. तरीही मूळ प्रश्नाचे उत्तर आहे. नागरिकाच्या जिवाचे रक्षण करण्याची हमी राज्याने घेतलेली असते, आणि त्यासाठीच नागरिकाने सूड घेण्याचा अधिकार सोडून दिलेला असतो. कर हा या हमीचा हप्ता आहे. हमी निष्फळ ठरली तर दाव्याची रक्कम कोणी द्यायची हे सांगायला मोठ्या पांडित्याची गरज नाही. हा विचार नवा नाही. न्यूझीलंडने १९६३ मध्ये आणि ब्रिटनने १९६४ मध्ये राज्याकडून भरपाईची योजना सुरू केली. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने गुन्ह्यांच्या बळींविषयी जाहीरनामा काढला. आपल्याकडे न्यायमूर्ती मळीमठ समितीने २००३ मध्ये या विषयावर भर दिला, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ घातले जाऊन ते २००९ च्या अखेरीस अमलात आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ ने घेतली आहे.

हे कलम वाचले तर ते चांगले आहे. 'बळी' या शब्दात मृताचे वारस येतात. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी अवलंबितांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. प्राधिकरणाने चौकशी दोन महिन्यांत पुरी करावयाची असते. तातडीची अंतरिम मदतही देता येते. दुसऱ्या एका कलमाने पोलिसांवर नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला वा बळीला कळविण्याचे बंधन घातले आहे. २०१४ मध्ये, हरियाणातील एका पिता-पुत्राच्या अपहरण व खुनाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की अर्ज आलेला नसला तरी न्यायालयाने स्वतःहून अंतरिम मदतीचा विचार करावा. त्या पत्नीला व मातेला दहा लाख रुपये देण्याचा आदेशही झाला. लखनौजवळच्या लखीमपूर खीरी येथील ३ ऑक्टोबर २०२१ च्या घटनेतील जामीनप्रकरणी तर एप्रिल २०२२ मध्ये याच न्यायालयाने स्पष्ट केले, की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर बळींच्या कुटुंबाला म्हणणे मांडण्याचा हक्क आहे.

मग अडते कोठे? अडते ते या साऱ्याची वार्ता त्या घरापर्यंत नेणारा माणूस नसल्यामुळे. ठाणेदाराचे काम आरोपी पकडणे. सरकारी वकील राज्याचा, घराचा नव्हे. डॉक्टरचे काम अहवाल देणे. तहसीलदाराला खुनाची खबर वर्तमानपत्रातून मिळते. प्रत्येकजण आपापले काम चोख करत असला, तरी या कुटुंबाला त्यांच्या हक्काचा कागद हातात देणे हे कोणाच्याच कर्तव्यसूचीत नाही. प्रशासनात दीर्घकाळ काढलेला कोणीही सांगेल, की जे काम नावानिशी कोणाला दिलेले नसते ते होत नाही.

हक्काला वाटाड्या नसला की त्याची जागा गाजावाजा घेतो. २९ सप्टेंबर २०१८ च्या रात्री लखनौच्या गोमतीनगरमध्ये विवेक तिवारी या खासगी कंपनीतील अधिकाऱ्यावर गस्तीवरील एका पोलीस शिपायाने गोळी झाडली. देशभर संताप उसळला. राज्य सरकारने पंचवीस लाख रुपये, पत्नीला महापालिकेत नोकरी, तसेच मुली व आई यांच्यासाठी वेगळी रक्कम जाहीर केली. जे मिळाले ते योग्यच होते, आणि पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला असता राज्याची जबाबदारी थेट होती. पण त्याच वर्षी याच राज्यात खून झालेल्या इतर हजारो माणसांच्या घरी कोणी मंत्री गेला नाही. मदत दुःखाच्या प्रमाणात मिळायला हवी, ती बातमीच्या मथळ्याच्या प्रमाणात मिळते. म्हणूनच ती माणसे छायाचित्र घेऊन पुतळ्यापाशी बसतात. त्यांना मथळा हवा असतो.

पैरवी करणारा मिळाला तर काय होते याचेही उदाहरण या भागातलेच आहे. मंजुनाथ षण्मुगम हा लखनौच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचा पदवीधर, इंडियन ऑइलचा विक्री अधिकारी. भेसळ करणाऱ्या पेट्रोल पंपावर कारवाई केल्याबद्दल १९ नोव्हेंबर २००५ रोजी लखीमपूर खीरी जिल्ह्यात त्याचा खून झाला. वय सत्तावीस. त्याचे आईवडील दूर कर्नाटकात, कोलार गोल्ड फील्ड्स येथे. त्यांना ना इथली भाषा, ना इथल्या न्यायालयांची ओळख. देशभरातील व्यवस्थापन संस्थांच्या माजी विद्यार्थ्यांनी त्याच्या नावाने न्यास उभारला, वकील नेमले, प्रत्येक सुनावणीवर लक्ष ठेवले. सोळा महिन्यांत, मार्च २००७ मध्ये, सत्र न्यायालयाचा निकाल लागला आणि मुख्य आरोपीला फाशीची शिक्षा झाली. २००९ मध्ये उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने ती जन्मठेपेत बदलली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. शिक्षा कोणती असावी याविषयी मतभेद असू शकतात. परंतु सोळा महिन्यांत निकाल लागला तो त्या मित्रांनी पैरवी केली म्हणून, हे इथले वकील आजही सांगतात. आपल्याकडे मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जाळून मारले, तेव्हाही राज्यभरातील कर्मचारी रस्त्यावर आले होते. सरकारी नोकराच्या मागे संघटना असते आणि नियमही असतात. केंद्रीय कर्मचारी कर्तव्यावर असताना समाजकंटकांच्या हिंसेत मेला, तर २०१६ च्या आदेशानुसार कुटुंबाला पंचवीस लाख रुपये सानुग्रह मिळतात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. राज्याने ठरविले तर सूत्र आणि रक्कम दोन्ही ठरविता येतात, एवढेच यातून दिसते.

याउलट भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीचे भैयालाल भोतमांगे पहा. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्यांची पत्नी, मुलगी आणि दोन मुलगे, सर्वांची हत्या झाली. त्यांना घर मिळाले, वसतिगृहात शिपायाची नोकरी मिळाली. पण न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत दहा वर्षे गेली, आणि सर्वोच्च न्यायालयातील अपील प्रलंबित असतानाच २० जानेवारी २०१७ रोजी ते वारले. त्यांच्या प्रकरणाची नोंद साऱ्या देशाने घेतली होती. ज्यांची घेतली जात नाही त्यांची कल्पना यावरून करावी.

परदेशी असलेल्या वाचकांना पुण्याच्या अनुज बिडवेची आठवण असेल. लँकेस्टर विद्यापीठात शिकणाऱ्या या तेवीस वर्षांच्या मुलाला २६ डिसेंबर २०११ च्या पहाटे इंग्लंडमधील सॅल्फर्ड येथे एका अनोळखी तरुणाने विनाकारण गोळी घातली. घरच्यांना ही बातमी पोलिसांकडून कळण्याआधी फेसबुकवरून कळली. पुढे जे घडले ते महत्त्वाचे आहे. ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी याबद्दल क्षमा मागितली आणि त्यांचे अधिकारी पुण्याला येऊन कुटुंबाला भेटले. सात महिन्यांत, जुलै २०१२ मध्ये, आरोपीला किमान तीस वर्षांची जन्मठेप झाली. पोलिसांनी परक्या देशातील कुटुंबाच्या घरी येऊन क्षमा मागावी, हे केवळ व्यक्तिगत सौजन्य नव्हते. त्यामागे एक धडा होता. १९९३ मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा खून झाला तेव्हा पोलिसांनी त्याच्या आईवडिलांना अतिशय वाईट वागविले होते. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने त्यावर कोरडे ओढले, आणि अशा प्रत्येक कुटुंबासाठी प्रशिक्षित संपर्क अधिकारी असावा यावर भर दिला. २०१० पासून तेथे खुनाच्या प्रकरणांतील कुटुंबांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय सेवाही आहे. म्हणजे पैरवीचा काही भाग तेथे राज्याने आपल्या अंगावर घेतला आहे.

आपल्याकडे काय करता येईल? माझ्या सूचना पाच आहेत.

एक, खुनाचा प्रथम खबरी अहवाल नोंदला जाताच त्याची प्रत आपोआप जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावी आणि तीच भरपाईचा अर्ज मानली जावी. कुटुंबाने मागणी करण्याची वाट पाहू नये.

दोन, प्रत्येक जिल्ह्यात अशा कुटुंबांसाठी एक संपर्क अधिकारी नावानिशी नेमावा. तो तपास अधिकारी नसावा. त्याचा दूरध्वनी क्रमांक शवविच्छेदनाच्या दिवशीच कुटुंबाच्या हाती पडावा.

तीन, भरपाई टप्प्याटप्प्याने आणि ठरल्या वेळी मिळावी. याचा नमुना आपल्याच कायद्यात आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियमांतील २०१६ च्या सुधारणेनुसार खुनाच्या प्रकरणी सव्वाआठ लाख रुपये ठरले असून निम्मे शवविच्छेदनानंतर आणि निम्मे आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर द्यावयाचे आहेत. निकालाची वाट पाहायची नाही.

चार, पतीने पत्नीला मारले अशा घरातील मुले एका दिवसात आई आणि बाप दोघांनाही मुकतात. त्यांची नोंद त्याच आठवड्यात बालकल्याण समितीकडे व्हावी. मिशन वात्सल्यखाली दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व आणि महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेचे २,२५० रुपये आहेत, पण आजी-आजोबांना ते माहीत नसते.

पाच, न्यायालयीन तारखेसाठी मृताच्या निकटच्या एका नातेवाइकाला वर्षाला काही दिवस विशेष रजा, आणि रोजंदारीवरील माणसाला भत्ता मिळावा.

खर्चाचे काय, हा प्रश्न वित्त विभाग विचारीलच, म्हणून हिशेब करून ठेवला आहे. २८,५२२ गुन्ह्यांत प्रत्येकी एक कुटुंब धरून पाच लाख दिले, तर वर्षाला सुमारे १,४२६ कोटी रुपये लागतील. २०२५-२६ चा केंद्रीय अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा होता. म्हणजे दर शंभर रुपयांत तीन पैशांहूनही कमी. शिवाय हा भार केंद्र व राज्ये मिळून उचलतील. दुसरा आक्षेप असा, की पैसा हातात पडला की कुटुंब गप्प बसेल. मला उलट वाटते. भुकेलेले कुटुंबच आरोपीच्या तडजोडीला बळी पडते. राज्याची मदत वेळेवर मिळाली तर साक्ष फिरविण्याचा मोह कमी होईल. घरातीलच कोणी संशयित असेल तर त्याचा हिस्सा अर्थातच रोखावा.

पण सगळे सरकारवर टाकून चालणार नाही. खून झालेल्या घराशी समाज कसा वागतो? पहिले दोन दिवस गर्दी, मग कुजबुज. 'उगीच कोण मारील? काहीतरी भानगड असणारच.' मुलीचे ठरत आलेले लग्न लांबते. घरमालक खोली सोडायला सुचवतो. साक्षीदार असलेला शेजारी नजर टाळतो. आजारपणाने वा अपघाताने गेलेल्याचे दुःख आपण वाटून घेतो, खुनाचे दुःख मात्र त्या घरावरचा डाग समजतो. अमेरिकेत १९७८ मध्ये एका दांपत्याने, मुलीच्या खुनानंतर, अशाच इतर आईबापांना एकत्र आणून संघटना उभी केली. कारण हे दुःख भोगलेल्यालाच ते ऐकवता येते, असा त्यांचा अनुभव होता. पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर कार्यकर्ते दर महिन्याच्या वीस तारखेला त्याच पुलावर जमत राहिले. दोघांना जन्मठेप आणि तिघांची निर्दोष मुक्तता असा निकाल १० मे २०२४ रोजी लागला, जवळजवळ अकरा वर्षांनी. इतकी वर्षे एखाद्या कुटुंबाने एकट्याने तग धरणे कठीण. सोबत असली की तग धरता येतो.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मंडळांना हे काम सहज जमण्यासारखे आहे. गणेशोत्सव आणि दिवाळी अंकाबरोबर एवढे ठरवावे, की शहरातील कोणत्याही घरात, मग ते मराठी असो वा नसो, खून झाल्याचे कळले तर दोन माणसे वर्षभर त्या घराच्या संपर्कात राहतील. एकाने कागद सांभाळावे, दुसऱ्याने तारखेला सोबत जावे. परदेशात असाल तर तेथील पोलिसांचा कुटुंब संपर्क अधिकारी आणि इकडचे आईवडील यांच्यामध्ये मराठी जाणणारा दुवा बना. वकिली येणे आवश्यक नाही. कोणते कागद आणि कोणत्या मुदती, एवढे माहीत असले तरी पुरते. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. बँकेतून वर्षाला वीस रुपये कापले जातात ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना अपघाताची असली, तरी खुनाने आलेला मृत्यू तिच्यात धरला जातो आणि दोन लाख मिळतात. ४३६ रुपयांच्या जीवनज्योती योजनेचे दोन लाख वेगळे. पासबुकाच्या नोंदी पाहून, मुदत टळण्याआधी, हे दोन अर्ज भरून दिले तरी एका घराचे वर्ष निभावते. राज्याच्या भरपाई योजनेलाही मुदत असते आणि ती राज्याराज्यांत वेगळी आहे, म्हणून पहिल्या महिन्यातच अर्ज करावा.

राज्याने पैरवीकार नेमेपर्यंत तो आपण व्हायचे आहे. त्यासाठी मोठे धैर्य लागत नाही. त्या घराचे दार ठोठावायचे, कागद मागायचे आणि पुढची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवायची.